पेटीत मावणारं मशीन

मालनवहिनींनी पर्समधून सुतळी काढली आणि काउंटरवरच्या टाइपरायटरला आडवी लावली, तेव्हा मी त्यांची ओळख नसल्यासारखा रस्त्याकडे बघायला लागलो. सुतळीला तीन गाठी मारलेल्या होत्या. एक लांबीची, एक रुंदीची आणि टोकाला अगदी जवळ मारलेली तिसरी, उंचीची.

"बहनजी, टाइपराइटर है, खटिया नहीं है," दुकानदार सोगानीजी म्हणाले.

"मालूम है, भैया. वो कोना जरा पकडो."

सोगानींनी निमूटपणे कोपरा पकडला. जयपूरच्या बाजारात, चौड्या रास्त्यावर तीस वर्षं जुनी मशीनं विकणारा माणूस तो, पण मालनवहिनींनी धर म्हटलं की माणूस आधी धरतो आणि मग विचार करतो. मीही त्या दुकानात असाच आलो होतो. रविवारची झोप सोडून.

"उंचीला चार बोटं! भावजी, बसतंय की वो!" वहिनींचा चेहरा उजळला.

कुठे बसतंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार नंबरच्या पेटीत. कुकर आणि देवांच्या तसबिरी यांच्या मधल्या जागेत.

हे पेटीचं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे. सुभेदार हिंदुराव निकम मूळचे कोरेगाव तालुक्यातले, फौजेत अठ्ठावीस वर्षं झालेली. लग्नानंतर वहिनींनी त्यांच्यामागून पठाणकोट, जबलपूर, झाशी, बरेली असं करत करत सात गावं पालथी घातली आणि आता जयपूरला खातीपुऱ्याजवळच्या क्वार्टरमध्ये त्या राहत होत्या. मुलगी गिरिजा कराडला आजोळी राहून कॉलेज करत होती. खाटा, टेबल, खुर्च्या सरकारी. क्वार्टरबरोबर मिळायच्या आणि क्वार्टरबरोबर सुटायच्या. आपलं म्हणून जे काय होतं ते चार काळ्या पत्र्याच्या पेट्यांत. पेट्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि हुद्दा. त्यामुळे त्या घरात वस्तू घेताना ती आवडली का, परवडेल का, हे प्रश्न मागून यायचे. आधी पेटी. कुकर पाच लिटरचा न घेता तीनचा घेतलेला. तसबिरी सगळ्या एका मापाच्या, म्हणून विठोबा आणि महालक्ष्मी यांच्यात लहानमोठं कोणी नव्हतं. जबलपूरला हौसेनं घेतलेला शिसवी चौरंग बदलीच्या दिवशी शेजारणीला देऊन टाकावा लागला होता, त्याचा विषय अजून महिन्यातून एकदा निघायचा.

मी दिलीप करंदीकर. बँकेतला अधिकारी, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि जयपूरला बदली झाल्यापासून घरच्या जेवणाला आचवलेला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वहिनींनी मला तिसऱ्यांदा मोदक मागताना पाहिलं आणि विचारलं, "कोण बघतंय का न्हाई तुमच्याकडं?" तेव्हापासून रविवारी मी त्यांच्याकडे जेवत असे. त्यांना मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा तज्ज्ञ म्हणून माझं नाव आपोआप पुढे आलं. आमच्या शाखेत नऊ टाइपरायटर होते. मी त्यांतला एकही कधी चालवला नव्हता. चालवणाऱ्यांवर मात्र नियमितपणे ओरडलो होतो. तेवढा अनुभव मला पुरेसा वाटला.

वहिनी स्वतः सातवी पास. तीन वर्षांपूर्वी, दुपारी वेळ जात नाही म्हणून त्या खातीपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या क्लासला जायला लागल्या. पोरीसोरींच्या रांगेत ही चाळिशीची बाई. पण सहा महिन्यांत त्या हिंदीत मिनिटाला चाळीस शब्दांवर गेल्या आणि क्लासचे मास्तर बाहेरची कामं त्यांना द्यायला लागले. अर्ज, करारनामे आणि मग विद्यापीठातल्या मुलींचे प्रबंध. मशीन क्लासचं, भाडं तासावर. आता मात्र अडचण आली होती. फेब्रुवारीपासून परीक्षेची पोरं येणार, मशीन रिकामं मिळणार नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी सुगन कंवर नावाच्या मुलीनं आपला एम.ए.चा प्रबंध वहिनींच्या हातात ठेवला होता. जयपूरजवळच्या बगरू गावातल्या कापडछपाईवर, दीडशे पानं, मार्चच्या पाच तारखेला विद्यापीठात द्यायचा. हे काम नीट झालं असतं तर तिच्या मागच्या सहा मुली रांगेत होत्या. नाही झालं तर वहिनी पुन्हा दुपारी स्वेटर विणायला मोकळ्या. त्यांनी टायपिंगचे अकराशे रुपये साठवले होते आणि त्यातून त्यांना स्वतःचं मशीन हवं होतं, हलकं आणि चपटं.

"आवं, पुढल्या साली ह्ये सुभेदार मेजर हुणार," त्या मला वाटेत मिनीबसमध्ये म्हणाल्या होत्या. "मंग बदली आलीच की. मशीन संगं न्यायला नको?"

हिंदुराव शेजारीच बसले होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

दुकानातही ते असेच गप्प होते. आम्ही काउंटरवर त्या चपट्या मशीनभोवती जमलो, तर हे आपले मागे, भिंतीला लागून ठेवलेल्या कचेरीतल्या मोठ्या मशीनसमोर उभे. हात पाठीमागे बांधून, परेडची पाहणी करावी तसे.

"हे घे की," ते एकदम म्हणाले.

"त्ये? आवं, ते उचलायला दोन जवान लागतील!"

"मजबूत हाय."

"मजबूत हाय म्हनून काय डोक्यावर घिऊन फिरू?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमी सांगा ह्यास्नी."

मी सांगितलं. जमाना सुटसुटीत वस्तूंचा आहे, परदेशात लोक असलं मशीन मांडीवर घेऊन आगगाडीत बसतात, वगैरे. सोगानीजींनी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली, कारण मोठं मशीन कधीही खपण्यासारखं होतं, चपटं दोन वर्षं पडून होतं. वहिनींनी कागद लावून एक ओळ उठवून पाहिली. अक्षर मोत्यासारखं आलं. एका कागदावर एक ओळ. त्याहून जास्त पाहायचं त्यांनाही सुचलं नाही आणि तज्ज्ञांनाही नाही. सगळ्यांचं लक्ष सुतळीकडे.

घरी आल्यावर वहिनींनी आधी मशीन पेटीत ठेवून पाहिलं. बसलं. मग झाकण लावून पाहिलं. लागलं. मग त्यांनी ते बाहेर काढून हळदकुंकू वाहिलं आणि मला शिरा खायला घातला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढच्या रविवारी गेलो तर क्वार्टरच्या फाटकापासून टकटक ऐकू येत होती. वहिनी खिडकीशी उन्हात बसल्या होत्या, चष्मा नाकावर, शेजारी सुगन कंवरची वही. मला बघताच म्हणाल्या, "भावजी, तुमास्नी ठावं हाय का, बगरूला कापडावर चिखल थापत्यात! जितं चिखल बसला तितं रंग चढत न्हाई. मंग धुतलं की खाली पांढरी नक्षी. मी आपली दोन सालं त्याच चादरीवर झोपतीय, आन मला कायबी पत्ता न्हाई!"

मला तोपर्यंत वाटत होतं की टायपिंग म्हणजे बोटांचं काम. ही बाई टाइप करता करता वाचत होती. मागच्या वर्षी एका प्रबंधातून त्यांना दुष्काळी भागातल्या कालव्यांची माहिती झाली होती आणि एका करारनाम्यावरून त्यांनी शेजारणीला घरमालकाशी कसं बोलायचं ते शिकवलं होतं. सात गावं फिरूनही त्यांना क्वार्टरच्या कुंपणापलीकडचं जे दिसलं नव्हतं, ते आता कागदावरून त्यांच्यापर्यंत येत होतं. म्हणूनच ते काम त्यांना इतकं जिव्हाळ्याचं झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि त्याच दिवशी दुपारी सुगन कंवर आली.

डोक्यावरून ओढणी घेतलेली, बोलायला गोड मुलगी. तिनं तोवर टाइप झालेल्या चाळीस पानांचे चार गठ्ठे उघडले. विद्यापीठाला चार प्रती लागत. मधे तीन कार्बन घालून एकदम चार कागद मशीनवर चढवायचे, ही रीत. वरची प्रत सुरेख होती. दुसरी बरी. तिसरी उजेडात धरून वाचता येत होती. चौथीवर नुसती धुरकट सावली होती.

"आंटीजी, यह तो सर नहीं लेंगे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

वहिनींनी चौथी प्रत हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "मैं जोर से मारती हूँ," त्या म्हणाल्या. "फिकर मत करो, बेटा. पाच तारीख मतलब पाच तारीख."

त्या आठवड्यात त्यांनी जोरात मारून पाहिलं. हलकं मशीन ते. जोरात मारलं की टेबलावरून पुढे सरकायचं, कळा एकमेकींत अडकायच्या, पण चौथ्या कागदापर्यंत घाव काही पोचायचा नाही. त्यांनी मशीनखाली ओलं फडकं घातलं, कार्बन नवे आणले, कागद पातळ आणले. नंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची टोकं सुजून लाल झाली होती. भाकरी त्यांनी तळव्यानंच थापली. मशीन मी पसंत केलं होतं.

"वहिनी, परत करू या हे," मी म्हणालो. "ते मोठं घेऊ. सोगानी नाही म्हणाला तर मी बघतो."

"छ्या. त्ये पेटीत कुटं मावतंय? म्या ठरिवलंय, परत्येक पान दोनदा टाइप करायचं. दोन-दोन परती काडायच्या."

"दीडशे पानं दोनदा? पंधरा दिवसांत? या बोटांनी?"

"बोटं काय, हुतील बरी."

हिंदुराव दारात उन्हाला बसून मटार सोलत होते. खाली मान घालून, एक दाणा खाली न पाडता. ते म्हणाले, "मोठं मशीन घे."

"तुमचं आपलं त्येच. आवं, बदली आली म्हंजी..."

"बदली न्हाई यायची."

"आँ?"

"पेटी भरायची न्हाई आता, मालन." त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे ताटात टाकले आणि मगच मान वर केली. "बढतीचा बोर्ड झाला डिसेंबरात. माझं नाव न्हाई लागलं. जूनला पेन्शन."

मी हातात वाटी धरून बसलो होतो. ती खाली ठेवावी की तशीच धरावी ते मला कळेना. उठून जावं तर वाट त्यांच्या अंगावरूनच होती.

"डिसेंबरात," वहिनी म्हणाल्या. "आन आज फेब्रुवारीची सतरा."

"सांगणार हुतो."

"कवा?"

"तू सुतळीला गाठी मारत हुतीस. म्हनत हुतीस, सुभेदार मेजरची बायको झाले की असं करीन, तसं करीन." त्यांनी पुढची शेंग उचलली. "मला न्हाई जमलं सांगायला."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची माया आली. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसानं रोज सकाळी बूट आरशासारखे चमकवले, त्याला स्वतःच्या बायकोपुढे हे एक वाक्य बोलायला दोन महिने लागले होते. आणि त्या दोन महिन्यांत तो प्रत्येक वेळी तिला एवढंच सुचवत होता की मोठं मशीन घे.

वहिनी उठल्या. मला वाटलं आता रडतील, नाही तर भांडतील. त्या हिंदुरावांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मटारच्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "तरीच. दोन म्हैनं झालं, सांगितल्याबिगर भाजी निवडताय. मला वाटलं, ह्यास्नी देवानं बुद्धी दिली."

हिंदुराव हसले नाहीत. मग थोडे हसले. वहिनी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या, ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि सुजलेल्या बोटांनी शेंगा सोलायला लागल्या. "ज्यांनी नाव न्हाई लावलं त्यांचं नुकसान," त्या म्हणाल्या. "आमचं काय जातंय." त्यांचा आवाज एवढ्यातच दोनदा फाटला. हिंदुरावांनी त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली. "बोटं बघ जरा," ते म्हणाले, आणि उरलेले मटार त्यांनी एकट्यानं सोलले.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सोगानीजींनी चपटं मशीन परत घ्यायला बरीच कुरकुर केली. पण एक वर्दीतले सुभेदार, एक बँकेतला साहेब आणि एक मालनवहिनी अशा तिघांसमोर त्यांची कुरकुर फार टिकली नाही. या वेळी वहिनींनी कसलंही माप घेतलं नाही. पदर खोचून त्या मोठ्या मशीनसमोर बसल्या, चार कागद आणि तीन कार्बन चढवले आणि सुगन कंवरच्या वहीतलं अख्खं पान काढलं. दुकानातल्या काचा हलल्या. मग त्यांनी वरचे तीन कागद बाजूला केले आणि चौथा आधी हिंदुरावांकडे दिला, मग माझ्याकडे. मी चष्मा न लावता तो वाचला. तज्ज्ञ म्हणून मी त्यानंतर आयुष्यात कोणाला कसलंही यंत्र सुचवलं नाही.

वरचे पैसे हिंदुरावांनी दिले आणि मशीनही त्यांनीच उचललं. सोगानीजींचा माणूस पुढे आला, मीही हात लावायला गेलो, पण ते म्हणाले, "राहू द्या." चौड्या रास्त्यानं ते मशीन छातीशी धरून चालले, आम्ही दोघं मागून. मिनीबसच्या कंडक्टरनं सामानाचं वेगळं तिकीट मागितलं. "सामान न्हाई ते," वहिनी मराठीतच म्हणाल्या, आणि त्याला काय कळलं कुणास ठाऊक, तो पुढे निघून गेला.

प्रबंध चार तारखेला पुरा झाला. सुगन कंवरनं बगरूची एक चादर आणून वहिनींच्या पायाशी ठेवली. वहिनींनी ती उलगडून चिखल कुठे बसला होता ते मला बोट लावून दाखवलं.

होळीनंतरच्या रविवारी मी जेवायला गेलो तेव्हा मशीनवर काहीतरी मराठीतून चाललं होतं. गावाकडे वाटणीच्या दोन खोल्यांत वीज नव्हती. जूननंतर तिथे मशीन मांडायचं, कोरेगावच्या कचेरीची कामं धरायची, तर दिवा हवा. म्हणून वीज मंडळाला मीटरसाठी अर्ज. मजकूर त्यांनी मनानंच केला होता. मी एक तरी चूक काढायची म्हणून वाचला, ती सापडली नाही, आणि परत दिला.

"ह्ये बगा," वहिनींनी चारही प्रती हिंदुरावांसमोर धरल्या. "वाचा आन सह्या करा."

हिंदुरावांनी अर्ज हुकूम वाचावा तसा उभ्यानं वाचला. शेवटी आले तेव्हा त्यांची नजर एका ओळीवर थांबली. अर्जदार, हिंदुराव ज्ञानोबा निकम, सुभेदार. आणि त्यापुढे, निवृत्त.

"जूनला अजून अवकाश हाय," ते म्हणाले.

"मीटर यायलाबी जूनच उजाडंल," वहिनी म्हणाल्या. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. रिबनचं चाक सारखं करत होत्या.

हिंदुरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग चारही कागद टेबलावर ठोकून कडा जुळवल्या.

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून सही करायला खाली बसले.